ब्लूटूथच्या टप्प्यात कोणीच नव्हतं

इथले अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं नुसते वाचतेय, आणि खरं सांगायचं तर खवचटपणे वाचतेय. कोणाच्या जिन्यात पैंजण वाजतात, कोणाला बंद खोलीतून हाक येते... मी लगेच खोट काढायला घेते. सवयच आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्याने मन लावून केलेल्या कामात चुका शोधायच्या, यावर माझं पोट चालतं. त्यामुळे स्वतःचाच अनुभव लिहायला बसताना जरा लाज वाटतेय. हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून मग हसा.

मुलुंड पूर्वेला आमची जुनी सोसायटी होती — चार मजले, लिफ्ट नाही, सोळा बिऱ्हाडं. मी चौथ्या मजल्यावर. दुसऱ्यावर कुमुदकाकू आणि त्यांचे यजमान, ज्यांना सगळी बिल्डिंग अप्पा म्हणायची. अप्पा वर्षानुवर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. माणूस कडक. रोज दुपारी चारच्या सुमारास गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून आत बघणार म्हणजे बघणारच. पाणी कमी असलं की खाली येऊन दारोदार सांगणार, "नळ जपून सोडा." आम्ही मागून नकला करायचो, पण आमच्याकडे पाण्याची बोंब कधी झाली नाही, हेही खरं.

आता माझं वेड. नवीन मेसेजिंग ॲप आलं की मला ते त्याच दिवशी लागतं, आणि एकटीला लागून उपयोग नसतो, समोर दुसरं कोणीतरी हवं. मग मी सोसायटीतल्या लोकांच्या मागे लागायचे. एक ॲप आलं ज्यात फक्त बोलून मेसेज पाठवायचे. एकात दर मेसेज दिवसाअखेर पुसला जायचा. एकात सगळ्यांना एकाच वेळी फोटो टाकायला सांगायचे, तेव्हा आमच्या तिसऱ्या मजल्याने कुकरचे फोटो टाकले. दोनदा मी सोसायटीचा ग्रुप नवीन ॲपवर हलवला, आणि दोनदा सगळे गुपचूप जुन्यावर परत गेले. समोरची नीता तर तोंडावर म्हणाली, "वैशाली, यार, तुझ्या नादाने फोनची वाट लागली माझ्या. मला माफ कर."

नाही म्हटलं नाही ते फक्त कुमुदकाकूंनी. वय चौऱ्याहत्तर, पण फोन हातात आणून द्यायच्या — "घाल गं काय घालायचंय ते." आणि मग मेसेज कसे लिहायच्या माहितेय? आयुष्यभर सासर-माहेरी पत्रं लिहिलेली बाई, तिने चॅटिंगही तसंच केलं. "चि. वैशालीस, अळूवड्या तयार आहेत. गरम आहेत तोवर खाली ये. कळावे." प्रत्येक मेसेजला "चि. वैशालीस", प्रत्येक मेसेजच्या शेवटी "कळावे". मी म्हणायचे, "काकू, नाव वर दिसतं हो, मला समजतं कोणाचा आहे." त्या म्हणायच्या, "समजू दे की. पद्धत म्हणून काही आहे की नाही?"

गेल्या उन्हाळ्यात एक ब्लूटूथवर चालणारं ॲप आलं. इंटरनेट नको, सिम नको, नंबर नको. दोन फोन जवळ असले की मेसेज थेट इकडून तिकडे. जवळ म्हणजे आमच्या बिल्डिंगपुरतं, गेटबाहेर थोडं पुढे गेलं की संपलं. ॲप बंद केलं की आतलं सगळं पुसलं जातं, कुठेही साठत नाही. ते वापरणाऱ्या सबंध सोसायटीत आम्ही दोघीच. काकूंनी स्वतःचं नाव ठेवलं "सौ. कुमुद". त्यांना ते भारी आवडलं, कारण त्यावर सुविचार आणि फुलं येत नव्हती. दुसरा मजला ते चौथा मजला, दोन महिने आमचं हे खासगी पोस्ट ऑफिस झकास चाललं.

दिवाळीनंतर काकू गेल्या. हृदयाचं दुखणं, तीन दिवस हॉस्पिटल, संपलं. त्यांचा मुलगा प्रसाद कंपनीच्या कामाने परदेशात होता. तो पोचला तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. अप्पांचा विसराळूपणा तोवर खूप वाढलेला. दिवसातून कितीतरी वेळा विचारायचे, "ही कुठेय?" आधी प्रसादने खरं सांगितलं. पण अप्पांना ते दर वेळी नव्याने कळायचं, दर वेळी तेवढंच लागायचं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, नका सांगू. मग प्रसाद सांगू लागला, "डोंबिवलीला मावशीकडे गेलीय, येईल." रोज, तोंड सरळ ठेवून. मला बघवायचं नाही.

मार्चमध्ये रीडेव्हलपमेंटसाठी बिल्डिंग रिकामी झाली. आम्ही सगळे आसपास भाड्याने पांगलो, प्रसाद आणि अप्पा माझ्याच गल्लीत. प्रसादचं ऑफिस अंधेरीला. दिवसा अप्पांना सांभाळायला एक बाई यायच्या. मे महिन्यात एका बुधवारी त्या आल्या नाहीत. मी घरून काम करते म्हणून प्रसादने सकाळी अप्पांना माझ्याकडे आणून सोडलं. "ताई, फक्त आजचा दिवस. सांभाळशील ना?" मी म्हटलं, "जा रे तू बिनधास्त."

दुपारी माझा एक कॉल लांबला. अप्पा हॉलमध्ये पेपर घेऊन बसले होते, मी आतल्या खोलीत, कानात इअरफोन. साडेतीनला बाहेर येऊन बघते तर दार उघडं. पेपर खुर्चीवर. अप्पा नाहीत.

त्यानंतरची वीस मिनिटं मला नीट आठवत नाहीत. खालचा वाणी, औषधाचं दुकान, प्रसादचं घर... कुठेच नाहीत. डायबेटिसचा माणूस, बाहेर रणरणतं ऊन, आणि पाण्याचा घोट नाही. प्रसादला फोन करायची हिंमत होईना. काय सांगणार, मी कॉलवर होते म्हणून? आईच्या वेळी तो नव्हता, आणि बापाला मी हरवलं.

मग वाटलं, जुन्या बिल्डिंगकडे गेले असतील. पळतच गेले. गेटवर वॉचमन होता. बिल्डिंगची दारं-खिडक्या उपटून नेलेली, वीज कापलेली, पाणी तोडलेलं, जिन्याचे कठडेही काढलेले. वॉचमन म्हणाला, "इधर कोई नहीं आया मॅडम, मैं यहीं बैठा हूँ." मला ते पटलं. अप्पा संध्याकाळी बागेत बाकावर बसायचे, तिकडे बघावं म्हणून मी वळले.

तेवढ्यात फोन थरथरला. मला वाटलं ऑफिस. पण नोटिफिकेशन त्या ब्लूटूथवाल्या ॲपचं होतं. ते ॲप काढायचं राहून गेलं होतं, आणि इअरफोनमुळे ब्लूटूथ चालू होतं. पाठवणारीचं नाव — सौ. कुमुद.

"चि. वैशालीस, हे टाकीपाशी आहेत. पायांत काही नाही, पाय भाजतायत. पाणी घेऊन वर ये. कळावे."

वेळ ३:५२.

भीती वाटली का, असं नंतर पुष्कळांनी विचारलं. नाही वाटली. त्या क्षणी मला तो फक्त निरोप वाटला, चौथ्या मजल्यावर यायचा तसा. मी वॉचमनची पाण्याची बाटली उचलली आणि जिना चढायला लागले. तो मागून ओरडत होता.

दुसऱ्या मजल्यावर अप्पांच्या चपला होत्या. त्यांच्या जुन्या घराबाहेर, जिथे आता दार नाही, चौकटही नाही, नुसतं भगदाड आहे, तिथे भिंतीला लावून, जोडीने, व्यवस्थित काढून ठेवलेल्या. घरात शिरताना माणूस काढतो तशा. म्हणजे अप्पा वॉचमनचा डोळा चुकवून घरी आले होते. आत गेले असतील, कोणी नाही म्हणून बाहेर आले असतील, आणि चारची वेळ झाली म्हणून तसेच अनवाणी वर गेले असतील.

गच्चीत टाकीच्या सावलीला ते बसले होते, पाय पोटाशी घेऊन. ओठ सुकलेले, तळव्यांना फोड. घोट घोट पाणी पाजलं तशी नजर जागेवर आली. मला ओळखलं त्यांनी.

"वैशाली, टाकी कोरडी ठणठणीत आहे. ग्रुपवर टाक. लोक नळ उघडतील आणि बोंबलत बसतील."

"टाकते अप्पा." मग मी विचारलं, "अप्पा, इथे तुमच्याबरोबर कोण होतं?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच भ्रमिष्ट झालेय.

"कोण असणार? टाकी बघायला माझ्याशिवाय कोण आलंय का कधी वर?"

दवाखान्यात सलाइन लावलं, पायांना मलम. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर गेला असता तर अवघड होतं. प्रसाद अंधेरीहून धावत आला. मी त्याला सगळं सांगितलं, दार उघडं राहिल्याचंही. मेसेजचं तेवढं सांगितलं नाही.

पुढचे तीन दिवस मी माझं काम केलं — खोट शोधली. असं ॲप एखादा न पोचलेला मेसेज धरून ठेवतं आणि नंतर पोचवतं, हे मला माहीत आहे. मग हा गेल्या उन्हाळ्यातला, कुठेतरी अडकलेला असेल का? अप्पा तेव्हाही कधी अनवाणी वर गेले असतील, काकूंनी लिहिलं असेल... पण असा मेसेज ॲप काही तास धरतं, वर्ष नाही. बरं, धरला तरी तो द्यायला एक फोन जवळ हवा. वॉचमनचा साधा बटणांचा फोन. रस्त्यावरून कोणी गेलं म्हणावं तर त्याच्याकडे हेच ॲप हवं आणि त्याला हे नाव ठाऊक हवं. ऑफिसातला निखिल म्हणाला, "कोणीतरी गंमत केलीय तुझी." मी म्हटलं, गंमत करणाऱ्याला अप्पांचे पाय कुठून दिसले?

रविवारी प्रसादकडे गेले आणि त्याच्यापुढे फोन धरला. त्याने वाचलं. उठून कपाटातून काकूंचा फोन काढून आणला — बॅटरी कधीच मेलेली, सिम बंद केलेलं. चार्जिंगला लावून उघडला, तर ॲपमध्ये काहीच नव्हतं. असणारही नव्हतं.

"आईचाच आहे," तो म्हणाला. मग, "ताई, यावर उलट लिहिलं तर जातं?"

मी त्याला टप्प्याचं सांगितलं. समोर फोन जवळ असेल तरच जातं, नाहीतर तिथेच पडून राहतं. आणि बिल्डिंग सोमवारपासून पाडायला घेणार होते.

"मग आत्ताच चल ना," तो म्हणाला.

संध्याकाळचे साडेपाच-सहा वाजले असतील. आम्ही गेटपाशी उभे राहिलो. ॲप उघडलं, वर लिहिलेलं होतं — जवळ कोणी नाही. मी त्याला ते दाखवलं. "बघितलं मी," म्हणाला आणि फोन माझ्या हातातून घेतला. सहा महिने मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, बापासमोर तोंड सरळ ठेवून ठेवून ते तसंच झालं होतं. त्या दिवशी तो गेटला टेकून टाइप करत होता आणि मध्ये मध्ये बाहीने डोळे पुसत होता. खूप वेळ लिहीत होता. मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मग त्याने फोन परत दिला, "थँक्स ताई" म्हणाला आणि अप्पांना खायला द्यायची वेळ झाली म्हणून निघून गेला.

त्याने काय लिहिलं ते मी वाचलं नाही. ते गेलं की नाही, हेही बघितलं नाही. पोचल्याच्या एका खुणेवरून कळलं असतं, फक्त ॲप उघडायचा अवकाश. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामाला "पुन्हा करून दाखवा" म्हणणारी मी, मला तेवढं करवलं नाही.

बिल्डिंग आता नाही. तिथे पत्रे ठोकलेत. मी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं. जुना फोन मात्र माझ्या स्वयंपाकघरात, मिक्सरशेजारच्या प्लगला, तेव्हापासून चार्जिंगवर आहे. बंद केला तर प्रसादने लिहिलेलं पुसलं जाईल. घरचे विचारतात, हा कशाला लावून ठेवलायस? त्या दुपारच्या मेसेजचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तसं याचंही नाही. वीज गेली की मी आधी जाऊन त्याची बॅटरी बघते.