दातांनी ऐकणारा हिरामण

हे नारायणा, तुला कान आहेत की नाहीत, हे शास्त्र जाणो. आम्हा लेकरांना एवढेच ठाऊक, की टाळमृदंगाच्या कल्लोळातही तू मुक्याचे मागणे ऐकतोस, आणि आरतीच्या घंटानादातून कुणाच्या घशात अडकलेला हुंदका वेगळा काढतोस. तुझ्या त्या ऐकण्याला नमस्कार करून मोहगावच्या हिरामण लोहाराचे चरित्र सांगायला बसतो. चरित्र लहान आहे. त्यात एक जुने इंजिन आहे आणि त्या इंजिनाविषयी बोललेले एक वाक्य आहे. बाकी सारा माणसांचा निर्दयपणा आहे, आणि तो झाकून ठेवण्याची मला आज्ञा नाही.

हिरामणाने वयाची वीस वर्षे पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये मोठ्या इंजिनाशेजारी काढली. त्या इंजिनाने त्याला विद्या दिली आणि दक्षिणा म्हणून त्याचे कान घेतले. चाळिशी उलटली तेव्हा उजवा कान गेला, पाठोपाठ डावा. मोहगावी परतून तो विहिरींवरची तेलाची इंजिने दुरुस्त करू लागला. सौंसर तालुक्यात कुणाला जुने इंजिन, जुना ट्रॅक्टर घ्यायचा असला, की आधी हिरामणाला दाखवावा, अशी रीत पडली. तो "घ्या" म्हणाला की घ्यायचे, "नको" म्हणाला की उठायचे. त्या एका शब्दावर त्याची चूल पेटत होती. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे इंजिनाचा न्याय मागायला कोण येणार? म्हणून आपले बहिरेपण त्याने सहा वर्षे लपवले.

या लपवण्यात त्याची बायको प्रमिला त्याची अर्धी होती. अंगणात कुणी आले, की ती चुलीपासून उठून नवऱ्यासमोर उभी राहायची आणि रागावल्यासारखी बोलायची, "अवो, लक्ष कुठी आहे? हे पंपाचं विचारून राहिले ना." तो तिच्या ओठांवरून प्रश्न उचलायचा आणि पाहुण्याला उत्तर द्यायचा. लोक म्हणत, हिरामणाची बायको मोठी तोंडाळ. ती ऐकून घ्यायची.

पूर्वी तो बाभळीची कांडी इंजिनाच्या अंगाला टेकवून तिचे दुसरे टोक कानाला लावी. कान गेल्यावर तेच टोक त्याने दातांत धरले. डोळे मिटून तो उभा राही, आणि आतला प्रत्येक ठोका, प्रत्येक घासणी त्याच्या जबड्याच्या हाडातून मस्तकात चढे. लोकांना वाटले, ही काही नवी परीक्षा असावी. सौंसरचे दोन-तीन तरुण मिस्त्रीही स्क्रू फिरवायचा पेचकस दातांत धरून उभे राहू लागले. त्यांना त्यात काय कळत होते, ते तेच जाणोत.

चौऱ्याऐंशी साल, मार्गशीर्ष महिना. बोरगावच्या पुंडलिकरावांची संत्री नुकतीच विकली गेली होती. झाडे पाणी तोडून ताणावर सोडलेली, बाग वखरायची होती. मोठा ट्रॅक्टर झाडांखाली शिरत नाही, डहाळ्या मोडतो. पांढुर्ण्याच्या नत्थूजींकडे बागेपुरता एक ठेंगणा, विलायती, पंचवीस वर्षांचा दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर विकायला आहे, असे त्यांना कळले. पुंडलिकराव हिरामणाला घेऊन सकाळच्या बसने निघाले. सोबत त्यांचा भाचा सुखदेव, जो तो ट्रॅक्टर पुढे चालवणार होता.

नत्थूजींच्या आवारात पोहोचताच हिरामणाने काहीही न बोलता इंजिनावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"गरम आहे जी. कोणी तरी चालवून ठेवलं. थंड होऊ द्या, मंग पाहू."

"आता याले पंख्यानं वारा घालू का भाऊ?" नत्थूजी म्हणाले. आवारात जमलेले पाच-सहा जण हसले.

कारण साधे आहे. जुने इंजिन गरम असले की लगेच सुरू होते, आपले दुखणे सांगत नाही. त्याला झोपेतून उठवावे, तेव्हा ते खरे बोलते. हिरामण लिंबाच्या सावलीत जाऊन बसला. दोन-अडीच तास गेले. पानतंबाखू झाली, चहा झाला, गप्पा रंगल्या. या रिकाम्या वेळात नत्थूजींच्या ध्यानात एक गोष्ट आली. मागे भांडे पडले, कुत्री भांडली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, पण हा माणूस एकदाही वळून पाहत नाही.

इंजिन थंड झाले. हिरामण उठला. हॅन्डल लावून त्याने ते सावकाश फिरवले आणि दोन्ही सिलिंडर हाताला किती अडतात ते जोखले. तेल मोजायची दांडी बाहेर काढली, तेल बोटांत चोळले, हुंगले, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. मग सुखदेवने इंजिन सुरू केले. धूर थोडा निळसर, पण लवकर निवळला. आवाज इतका गोल, इतका गोड, की पुंडलिकरावांचा चेहरा उजळला.

हिरामणाने कांडी टेकवली, दातांत धरली, डोळे मिटले.

त्याच क्षणी नत्थूजी त्याच्या पाठीमागे गेले. लोकांकडे पाहून त्यांनी डोळा मारला आणि चारचौघांशी बोलावे अशा आवाजात, त्याच्या मानेपासून हातभर अंतरावर म्हणाले, "हिरामण, तुह्या घराले आग लागली रे. बायको आतच आहे."

हिरामण हलला नाही.

"जळून राहिली ना ती. जाशील का इंजिनच चघळशील?"

आवारात हशा पिकला. कुणी पोट धरले, कुणी मांडीवर थाप मारली. सज्जनहो, पुढचे लिहिताना हात थांबतो. हिरामणाने डोळे उघडले. समोर सारी माणसे हसत आहेत असे त्याने पाहिले. काहीतरी विनोद झाला असावा, असे त्याला वाटले. आपण मागे राहू नये, म्हणून तोही हसला. कांडी हातात घेऊन, सगळ्यांकडे आळीपाळीने पाहत, तोंडभर हसला.

मग पुंडलिकरावांच्या जवळ येऊन तो शांतपणे म्हणाला, "घेऊ नका. मागच्या सिलिंडरची बेअरिंग गेली आहे. तेल जाड ओतलं यानं, म्हणून ठोका दबला. पंधरा दिवसाच्या वर हे इंजिन नाही."

 पुंडलिकराव चालत त्याच्या मागे गेले आणि म्हणाले, "हिरामण."

पुन्हा म्हणाले, "हिरामण, मी बोलून राहिलो."

मग समोर येऊन, ओठ मोठे करून त्यांनी विचारले, "किती वर्ष झाले?"

हिरामणाचे हसू विझले. त्याने सर्वांचे चेहरे पाहिले, आणि मघाचा विनोद कोण होता हे त्याला कळले.

"सहा," तो म्हणाला.

"घ्या," नत्थूजी म्हणाले, "कानवाल्या सात माणसाईले इंजिन गोड लागून राहिलं, आन् बहिऱ्याले ठोका आयकू आला. पुंडलिकराव, बोरगावात दुसरा माणूस नव्हता का जी?"

जाड तेल कानाला फसवते, हाडाला नाही. तिथे कान असलेले सारे फसले होते आणि कान नसलेला एकटा खरे बोलत होता. पण ते पाहायला मन स्वच्छ लागते, आणि पुंडलिकरावांचे मन त्या घटकेला लाजेने काळवंडले होते. आपण बहिऱ्याला पारखी म्हणून आणले, परगावी आपले हसे झाले, हेच त्यांना टोचत होते.

हिरामणाने आपल्या खांद्यावरचा पांढरा दुपट्टा जमिनीवर पसरला. "पुंडलिकभाऊ, माह्यावर विश्वास नका ठेवू. खालचा बोल्ट खोलून थोडं तेल या कपड्यावर पाडा. बेअरिंगचा चुरा चमकंल. डोळ्यानं पाहा."

"विकत घेतल्याबिगर माह्या मालाचं पोट फाडू देणार नाही," नत्थूजी म्हणाले.

पुंडलिकरावांनी एक शब्द आग्रहाने काढला असता, तरी काम झाले असते. त्यांनी पैसे मोजले. सौदा झाला. ट्रॅक्टरला हार घातला, नारळ फोडला, सुखदेव चालवायला बसला. हिरामण दुपट्टा झटकून बसस्टँडकडे निघाला, तेव्हा मागून कुणी काय काय म्हणाले ते त्याला ऐकू आले नाही. ही एवढी देवाची दया.

नवव्या दिवशी बागेत वखरणी चालू असताना मागच्या सिलिंडरचा दांडा तुटला, इंजिनाचे बिडाचे कवच फोडून बाहेर आला, आणि उकळते तेल सुखदेवच्या डाव्या पायावर पडले. घोट्यापर्यंत पाऊल भाजले. दोन बोटे काढावी लागली. तेवीस वर्षांचा पोरगा जन्माचा लंगडा झाला.

आता तरी हिरामणाचा शब्द खरा ठरला, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हणालो असतो. पण पुंडलिकराव जाब विचारायला गेले, तेव्हा नत्थूजी पाय हलवत म्हणाले, "विकला तवा गोड चालून राहिला होता. तुमच्याच माणसानं त्याले शाप देल्ला. पंधरा दिवस म्हणे. काळ्या जिभेचा आहे तो."

हे बोलणे पुंडलिकरावांनी छातीशी धरून गावात आणले. हिरामण खरा ठरला, तर भाच्याचा पाय त्यांच्या लाजेने भाजला असे होते. हिरामण काळ्या जिभेचा ठरला, तर ते सुटत होते. माणूस सुटायची वाट सोडत नाही. महिन्याभरात मोहगाव ते बोरगाव एकच बोलवा झाली. हिरामण रस्त्याने दिसला की लोक विहिरीवरच्या इंजिनावर पोते टाकत. त्याच्या देखत कुणी हॅन्डल मारीना. अंगणात एकही इंजिन येईना.

प्रमिला एकदा पुंडलिकरावांच्या दारी जाऊन म्हणाली, "सांगतलं तवा बहिऱ्याचं बोलणं म्हणून आयकलं नाही. आन् आता त्याच बोलण्यानं लोखंड तुटलं म्हणता. मंग त्याईच्या जिभेत एवढं बळ असतं, तर तुमची गावकी अजून चालून राहिली असती का जी?"

पुंडलिकरावांनी त्यावर तोडगा काढला. येत्या शनिवारी बोरगावच्या मारुतीपुढे हिरामणाने नारळ फोडावा आणि पंचांसमोर म्हणावे, इंजिन चांगले होते, माझी जीभ वाईट. मग गाव त्याला पुन्हा काम देईल. आधी होते तेवढे सारे काम.

त्या आठवड्यात घरात ज्वारीची कणी शिजत होती. प्रमिलाने नवऱ्यासमोर बसून, ओठ सावकाश हलवत सांगितले, "म्हणून टाका. देवाले खरं माहीत आहे. लोकाईले खोटं देऊन टाका, आन् काम घ्या."

तिच्या ओठांवरून त्याने एकेक शब्द उचलला. मग म्हणाला, "हव."

शनिवारी पारावर माणूस मावेना. पुंडलिकराव पुढे बसले होते. सुखदेव काठी घेऊन एका बाजूला. हिरामणाने मारुतीला शेंदूर-तेल वाहिले, नारळ फोडला, दोन्ही हात जोडले. मग लोकांकडे वळला. त्याची नजर सुखदेवच्या पायावरच्या फडक्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"मागच्या सिलिंडरची बेअरिंग गेली होती," तो म्हणाला. "तेल जाड होतं. मी सांगतलं होतं."

 पारावर ओरडा उठला. कुणी माती फेकली, कुणी त्याच्या टोपीला हात घातला. "बहिऱ्याले काय सांगतलं अन् बोलला काय," असे म्हणून काही हसलेही. सुखदेव खाली मान घालून बसला होता. त्याने मान वर केली नाही. पुंडलिकराव उठून निघून गेले.

गर्दीतून वाट काढत प्रमिला पुढे आली. नारळाची दोन्ही शकले तिने ओटीत घेतली, नवऱ्याच्या समोर उभी राहिली, आणि फक्त त्यालाच दिसेल असे बोलली, "चला घरी."

त्यानंतर कुणी हिरामणाला इंजिनाला हात लावू दिला नाही. मृग बहाराची संत्री निघाली, तसे दोघे सौंसरला संत्र्यांच्या पेट्या ठोकायला जाऊ लागले. हातोड्यांच्या त्या गलक्यात कान असलेल्यांनाही काही ऐकू येत नाही, सारे खुणांनीच बोलतात. तिथे तो चौघांसारखाच दिसतो.

हे दयाघना, ज्याने पोटापेक्षा खरे जड धरले, त्या हिरामणाचे हात अखेरपर्यंत धडधाकट ठेव. जिने खोटे मागितले आणि खरे मिळाल्यावर पदर पसरून घेतले, त्या प्रमिलेचे कुंकू उजळ ठेव. त्यांच्या चुलीत जाळ राहो, मडक्यात दाणा राहो, दारात आलेला माणूस समोर येऊन बोलो. आणि त्या घराच्या उंबऱ्यावर तुझी सावली पडो, देवा, आम्हा हसणाऱ्यांना ती दिसो वा न दिसो.