चार नंबरची खोली

अंबडच्या एका शेडमध्ये मी आणि माझी मैत्रीण जत्रांसाठी, मॉलसाठी भुताची घरं बनवतो. प्लायवूड, काळं कापड, स्पीकर, छोट्या मोटारी. सुतारकाम तिचं, वायरिंग आणि आवाज माझे.

गेल्या वर्षी आम्ही सहा खोल्यांचं घर केलं. कुठल्या खोलीत जायचं, ते दारातला भोवरा ठरवायचा. नारळाएवढा, सहा बाजूंचा, प्रत्येक बाजूवर आकडा. फिरून आडवा पडला की वर येईल तो आकडा तुमचा.

चाचणीत चार कधी पडलाच नाही. मी भोवरा पुन्हा घासून बघ म्हटलं, तर ती म्हणाली, "त्याला काय आठवण असते का? पडेल तेव्हा पडेल." घर सुरू झालं, लोक यायला लागले, तरी चार नाहीच. त्या खोलीत आपोआप हलणारा पाळणा ठेवायचा होता. पाळणा टांगला, पण मोटार जोडायची राहून गेली. तिथं जातंय कोण?

मग एका दुपारी नामपूरकडच्या एक बाई सुनेला घेऊन आल्या. सुनेला दोन पडला. बाईंचा भोवरा बराच वेळ फिरत राहिला, मग कलंडला. चार. जाऊ दे म्हटलं, नुसता पाळणा बघतील.

सून किंचाळत, हसत बाहेर आली. बाईंचा पत्ता नाही. मी बघायला निघाले, तेवढ्यात त्या आल्या. दार अलगद ओढून घेतलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच झोपलं. त्याची माय कुठं शे?"

"आई, खोटं असतं ते सगळं," सून म्हणाली.

बाई माझ्याकडेच बघत होत्या. "एकटं नको ठेवू, पोरी. तू बस इथं, मग मी जाते."

मी स्टूल ओढून दाराशी बसले, तेव्हाच त्या गेल्या.

मैत्रीण आली तरी मी तिथंच होते. ऐकून ती हसली, मला घेऊन आत गेली. पाळणा स्थिर होता. तिनं पाळण्यातल्या गोधडीत हात घातला आणि चटकन मागे घेतला.

"गरम आहे गं."

"बल्बमुळे असेल."

बल्ब समोरच्या भिंतीवर होता. दोघींनाही दिसत होता.

आम्ही पाळणा काढून टाकला. त्यानंतर चारचा आकडाही इतरांसारखाच पडू लागला. लोक बाहेर येऊन कुरकुरायचे, "आत काहीच नाही." मग मी त्यांना पुन्हा एकदा भोवरा फिरवू द्यायचे.