जाळीकडे तोंड

माझ्याकडे टेनिस शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाप हल्ली पहिल्याच दिवशी एक मागणी करतात. "मॅडम, याला जरा मेंटली टफ करा हो. पॉइंट गेला की रडतो." मूल बिचारं शेजारीच उभं असतं, बुटाच्या टोकाने माती उकरत. माझ्या डोक्यात सणकच जाते. मी म्हणते, "रडू दे की! दुसरीतलं पोर आहे, रडणार नाही तर काय करणार?" मग ते एकमेकांकडे बघतात, आणि काही जण पुढच्या आठवड्यापासून दुसरीकडे जायला लागतात. जाऊ देत. मी असं का बोलते हे सांगायचं तर माझ्या बहिणीबद्दल सांगावं लागेल, आणि ते गेटवर उभं राहून सांगण्यासारखं नाही.

आम्ही दोघी बहिणी, मी थोरली. गंगापूर रोडच्या बाजूला एका क्लबची मातीची कोर्टं होती, तिथेच आम्ही वाढलो म्हटलं तरी चालेल. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांनी जन्मात कधी रॅकेट धरली नव्हती, पण टीव्हीवर मॅच बघून त्यांना वेड लागलं आणि ते आमच्या मानगुटीवर बसलं. नाशिकच्या थंडीत, दात वाजत असताना, ते आम्हाला स्कूटरवर घालून कोर्टावर न्यायचे आणि मफलर गुंडाळून कडेच्या बाकावर बसायचे. आई डब्यात गुळाची पोळी द्यायची. तेव्हा सगळं छान वाटायचं, खोटं कशाला बोलू.

माझा हात चांगला होता. मी फुशारकी मारत नाही, आम्हाला शिकवणारे सरच तसं म्हणायचे. पण माझं डोकं म्हणजे तापलेला तवा. चेंडू आत पडला की बाहेर यावरून मी समोरच्या मुलीशी कडाकडा भांडायची. रॅकेटी आपटून मोडल्या. एकदा अंपायरला विचारलं, "डोळे घरी ठेवून आलात का?" त्यांनी मला तिथल्या तिथे मॅचमधून काढलं. सरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "थोरलीच्या हातात टॅलेंट आहे, पण टेंपरामेंट नाही. धाकटीचं घडवता येईल." मी मागेच उभी होते, सगळं ऐकलं. कॉलेज संपता संपता माझं टेनिसही संपलं आणि घरातलं सगळं बळ धाकटीच्या मागे लागलं.

खरं तर लहानपणी ती माझ्याहून रडकी. हरली की नेटला डोकं टेकवून हमसून हमसून रडायची, समोरच्या मुलीलाच तिला समजवावं लागायचं. सरांनी तिला एक सवय लावली. पॉइंट गेला की नेटकडे पाठ करायची. कोर्टाच्या मागच्या जाळीपर्यंत चालत जायचं, जाळीकडे तोंड करून उभं राहायचं, रॅकेटच्या तारा बोटांनी सारख्या करायच्या, श्वास घ्यायचा. जे काय वाटतंय ते तिथेच ठेवायचं आणि वळायचं ते कोरा चेहरा घेऊन. "तुझ्या तोंडावर समोरच्याला काही वाचता येता कामा नये," असं सर म्हणायचे. यात सरांचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही. मोठमोठे खेळाडू हेच करतात, आणि पाठ फिरवून श्वास घ्यायला मीसुद्धा माझ्या मुलांना शिकवते.

धाकटीने ते असं काही उचललं की बघणारे थक्क व्हायचे. पॉइंट गेला, चालली जाळीकडे. वळली की चेहरा धुतलेल्या पाटीसारखा. समोरच्या पोरी चिडायच्या, चुका करायच्या, आणि ही जिंकायची. क्लबमधले काका लोक तिला फ्रीज म्हणायला लागले. बाबांची छाती फुगायची. आई मात्र एकदा पोळ्या लाटताना मला म्हणाली, "घरीपण तशीच झालीय गं ती. काल आमटीत मी दोनदा मीठ घातलं, ही निमूटपणे सगळी जेवली." आम्ही दोघी हसलो त्यावर.

पुढे ती व्यावसायिक स्पर्धा खेळायला लागली. टीव्हीवर दिसतात त्या नाहीत, त्यांच्या कितीतरी खालच्या. आज या शहरात, पुढच्या आठवड्यात त्या. सोबत कोण जाणार? मी. सकाळी तिच्यासमोर उभं राहून सरावाचे चेंडू मारायची, दुपारी लॉजच्या बाथरूममध्ये तिचे मातीने लाल झालेले मोजे घासायची. त्या पातळीला गेलं की कळतं, फोरहँडचा जोरदार फटका सगळ्यांकडेच असतो. ती पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीत हरायची, पुन्हा बॅग भरायची, पुन्हा बस. जाळीपाशी तिचं उभं राहणं वाढत चाललं होतं. सर व्हिडिओ बघून खूश. "वेळ घ्यायला शिकली. मॅच्युअर झाली पोरगी." बाबा तेच वाक्य सगळ्या नातेवाइकांना ऐकवायचे.

मग परगावच्या एका स्पर्धेत मला ते दिसलं. तिची मॅच चालू होती आणि मी तिची पाण्याची बाटली भरायला कोर्टाच्या मागच्या बाजूला गेले होते. कोर्टांच्या मागच्या जाळीला हिरवं शेडनेट बांधलेलं असतं, आपल्याकडे भाजीच्या रोपांवर घालतात तेच. लांबून ते भिंतीसारखं दिसतं, पण अगदी जवळ गेलं की आरपार दिसतं. पॉइंट गेला, आणि बहीण सरळ माझ्या दिशेने चालत आली. तिने मला पाहिलं नाही. जाळीपाशी थांबली आणि तिचं तोंड उघडलं, हे एवढं मोठं. आवाज काही नाही. तान्हं मूल भोकाड पसरण्याआधी श्वास कोंडून निळं पडतं ना, तशी. गालांवरून पाणी वाहत होतं आणि बोटं इमानेइतबारे तारा सारख्या करत होती. मग तिने बाहीने सगळं पुसलं, ओठ मिटले आणि वळली. माझ्या हातातली बाटली भरून वाहत होती, मला भान नव्हतं. बाकांवर बसलेल्यांना कायम तिची वेणी तेवढी दिसत होती.

परतीच्या बसमध्ये मी तिला धरलंच. "काय चाललंय हे? कधीपासून?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तिथे कोणी नसतं ना ताई. म्हणून तिथे करते."

"दर पॉइंटला?"

"आधी नव्हतं. आता नाही केलं तर वळता येत नाही."

"अगं मग सोड ना! आग लाव त्या टेनिसला!"

"सोडायचंय," ती म्हणाली. इतक्या साधेपणाने, जसं काही चहा नको म्हणत होती. "पण बाबांना कोण सांगणार? माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि मला भीती वाटते, ताई. एक दिवस चेहरा परत जागेवर येणार नाही."

मी म्हटलं, मी सांगते. ती माझ्याकडे बघून जरा हसली. "तुझं ऐकतील?"

बाबा जेवायला बसले होते तेव्हा मी सगळं सांगितलं. ती आतून संपत चालली आहे, तिला थांबवा, एखाद्या डॉक्टरकडे नेऊ या. त्यांनी घास गिळला आणि शांतपणे म्हणाले, "तुझ्या मनातून अजून ते गेलेलं नाही. धाकटी पुढे गेली हे तुला बघवत नाही." शप्पथ सांगते, थोबाडीत खाल्ली असती तर कमी लागलं असतं. मी ओरडले. समोरचा पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. बाबा त्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ. म्हणूनच तू राहिलीस." आईने फडक्याने पाणी पुसलं. तिला माझं पटलं होतं, पण तिचंही घरात कोण ऐकत होतं! धाकटी समोर बसून भात कालवत होती. तिच्याकडे बघून बाबा म्हणाले, "काय गं, काही त्रास आहे का तुला?" ती म्हणाली, "नाही बाबा." चेहरा एकदम कोरा.

सरांकडेही गेले. ते रागावले नाहीत. "रडतात गं सगळे. वळल्यावर काय करते ते महत्त्वाचं." मी म्हटलं, एकदा फक्त जाळीच्या मागे उभे राहा, मग बोला. ते हसले. कोचने कडेला बसायचं असतं, खेळाडूला दिसेल असं. आपला माणूस शांत दिसला की खेळाडू शांत राहतो. मागे जाऊन कोण उभं राहतं? माझ्याइतका राग ज्याला येतो त्याने काहीही सांगितलं तरी लोकांना तो रागच वाटतो, हे मला तेव्हा कळलं. मी पुराव्यासाठी त्यांना ओढत नेणार होते, पण नेणार कशी.

तिची शेवटची मॅच नाशिकलाच होती. घरच्या मैदानावर स्पर्धा म्हणून बाबांनी कारखान्यातले मित्र आणले होते, आई ठेवणीतली साडी नेसून पहिल्यांदाच मॅचला आली होती. मी बाबांना म्हटलं, "पहिला सेट होईपर्यंत तरी माझ्याबरोबर मागे चला. पाया पडते." ते म्हणाले, "मॅच संपू दे, मग येतो." मित्रांसमोर मी तमाशा करीन या भीतीने त्यांनी माझं मनगट धरून मला शेजारी बसवलं.

ती बरी खेळत होती. मग एक डबल फॉल्ट झाला, सोप्यातली सोपी सर्व्ह नेटमध्ये गेली. ती जाळीकडे चालत गेली आणि उभी राहिली. तारा सारख्या केल्या. आम्ही थांबलो. समोरची मुलगी पुढची सर्व्ह घ्यायच्या पवित्र्यात येऊन थांबली. अंपायरने वेळ संपल्याचं पुकारलं. बहीण हलली नाही. बाबा शेजारच्या मित्राला कुजबुजले, "घाई करायची नाही, असं शिकवलंय तिला." मित्राने कौतुकाने मान हलवली. अंपायरने ताकीद दिली.

मी मनगट सोडवलं आणि धावले. पाण्याच्या टाकीला वळसा घालून, बाभळीच्या काट्यातून, मागच्या बाजूला. तिची बोटं जाळीत अडकलेली होती. तिने मला पाहिलं. तोंड तसंच, गाल भिजलेले, आणि या वेळी ते मिटत नव्हतं.

"ताई, चेहरा होत नाहीये."

"राहू दे गं बाळा. राहू दे."

"मी वळू कशी?"

"वळू नकोस. वळायचंच नाही. इकडे ये, माझ्याकडे."

कोपऱ्यात झाडणाऱ्यांसाठी छोटं दार होतं, तारेने बांधलेलं. मी ती तार पिळून काढली, बोटातून रक्त आलं. ती जाळीला चिकटून, कोर्टाकडे पाठ ठेवून, खेकड्यासारखी सरकत दारापर्यंत आली आणि बाहेर पडून माझ्या अंगावर कोसळली. मागे अंपायर काहीतरी जाहीर करत होता. ती आता आवाज करून रडत होती, पूर्ण घशातून, आणि मला इतकं बरं वाटलं की मी पण रडायला लागले.

तेवढ्यात बाबा आले. धापा टाकत, टाकीच्या बाजूने. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदा जाळीच्या या बाजूला उभे होते, आणि तो चेहरा त्यांच्यासमोर होता, उघडा. मी मनात म्हटलं, बघा. आता तरी नीट बघा. ते बघत राहिले. त्यांचे ओठ थरथरले, हे मी पाहिलं आहे. मग टाकीपलीकडे बोलण्याचे आवाज आले आणि बाबांनी खिशातून रुमाल काढला.

"आधी तोंड पूस," ते म्हणाले. "लोक येतायत."

मी काही बोलायच्या आत तिने पुसलंसुद्धा.