थांबा डॉक्टरांचा आरसा

‘थांबा’ डॉक्टरांना मी फसवलं आणि मला एका बड्या सर्जनने फसवलं. दोन्ही फसवणुकी भोगल्या माझ्या तेव्हा सात वर्षांच्या लेकीने, सुप्रियाने.

डॉक्टरांचा तोंडाच्या रोगांचा दवाखाना शाहूपुरीत होता. काहीही विचारलं की त्यांचा पहिला शब्द ‘थांबा’, म्हणून लोकांनी तेच नाव पाडलं. मी गुळाचा व्यापारी, घासाघीस करून वर आलेला. थांबणं मला ठाऊक नव्हतं.

सुप्रियाचा जबडा एका बाजूने सुजला होता, दोन दात हलत होते. डॉक्टरांनी मला बाजूला सारलं आणि आरसा तिच्या हातात दिला. “तोंड तुझं हाय. आधी तू बघ.” प्रत्येक पोराला ते असाच आरसा देत. माझी बायको हुंदके देऊ लागली. “वहिनी, रडायचं असंल तर भाईर. पोरगी भ्यालेली न्हाय, तुम्ही कशाला भ्या घालताय?”

गाठीचा तुकडा काढून त्यांनी पुण्याला तपासायला पाठवला. “पोरांत क्वचित होणारी साधी गाठ असंल, तर खरवडून भागंल. जबडा ऱ्हाईल. रिपोर्टला पंधरा दिवस.”

“आठ दिसांत बसवा की, डॉक्टर.”

“पावणं, गुळाचा रवा, आख्खी ढेप, न फोडता भाव सांगतासा काय?”

“न्हाय.”

“मग थांबा.”

पाचव्या दिवशी मला सूज वाढल्यासारखी वाटली. ‘जोतिबाला जाऊन येतो’ अशी थाप डॉक्टरांना मारून मी पोरीला दुसऱ्या शहरात त्या सर्जनकडे नेलं. त्याने बोटाने चाचपलं. “कॅन्सर. उद्याच कापू.” तुकडा तपासायला गेलाय, हे मी सांगितलं. “रिपोर्ट येईपर्यंत पोरगी राहील का?” मी सही केली.

अर्धा जबडा गेला. मग रिपोर्ट आला. साधी गाठ होती. कॅन्सर नव्हताच.

तिला घेऊन मी शाहूपुरीत गेलो. डॉक्टरांनी तोंड तपासलं. सुप्रियाने सवयीने आरशासाठी हात पुढे केला. त्यांनी आरसा खणात टाकला. “थांब, बाळा.” मी शिव्या खायला उभा होतो. ते म्हणाले, “तुमास्नी काय बोलू? तुम्ही बाप, तुम्ही भ्यालासा. त्या सर्जननं तरी थांबायचं.”

डॉक्टर जाऊन आता काही वर्षं झाली. सुप्रिया मोठी झाली. हसताना तोंडावर हात धरते आणि अजून भात कुस्करून खाते. घरात आरसा एकच, माझ्या दाढीचा, तोही मी कपाटात ठेवतो.

सर्जनसाहेब, तुम्ही अजून सुरी चालवता. माझ्या चुकीचं उत्तर मी तिच्या ताटासमोर बसून रोज देतो. मला रिपोर्टातलं कळत नव्हतं, तुम्हाला कळत होतं. दहा दिवस का थांबला नाहीत? मला सांगू नका. इथे या, तिच्या तोंडाकडे बघा आणि तिला सांगा.