काय काय ऐकलंत?

मोरेश्वरअण्णांची आणि माझी पहिली भेट माझ्या फजितीने झाली. चित्रकलेच्या बक्षिसाच्या तोऱ्यात मी माकुणसारहून घिवलीला, त्यांच्या डाय कारखान्यात काम मागायला गेलो. ज्या पोलादी ठोकळ्यात दागिन्याची नक्षी उलटी कोरतात आणि ज्यावर पत्रा दाबून कानातली, पदके उठवतात, ती डाय. अण्णांनी मला एक पान कोरायला सांगितले. दोन दिवसांनी ते भिंगातून पाहून म्हणाले, "पान कुठं हाय? ही तर अळूवडी झाली. उद्यापासून ये." आपल्याला कामावर घेतले आहे, हे मला घरी पोहोचल्यावर उमगले.

अण्णांच्या कारखान्यात 'चालून जाईल' हा शब्द चालत नाही. गिऱ्हाइकाने पसंत केलेली डायसुद्धा एका पाकळीच्या कडेसाठी त्यांनी पुन्हा कोरलेली मी पाहिली आहे. माणसांच्या बाबतीत मात्र ते पुष्कळ चालवून घेतात. माझ्या पत्नीचे बाळंतपण अडले, तेव्हा बोईसरच्या दवाखान्यात बाकावर ते दिवसभर माझ्याशेजारी बसून होते. धीराचे एक वाक्य बोलले नाहीत, पण उठलेही नाहीत.

गेल्या काही वर्षांत सोने भडकले, संगणकावर कोरणारी यंत्रे आली आणि आमच्या कामाला ओहोटी लागली. आठवड्यात चारच दिवस काम उरले. हात रिकामे झाले की तोंडे चालू होतात, तसे आमचे झाले.

आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या छिन्न्या स्वतःच्या असतात. काम सोडणारा कारागीर शेवटच्या दिवशी त्या फडक्यात गुंडाळून घरी नेतो. एका सोमवारी अण्णांच्या जागेवर त्यांच्या छिन्न्या दिसल्या नाहीत. मी मोठा शहाणा! मालकच आवरते घेत आहेत, असे मी ठरवून टाकले आणि बोईसरला चहा पिताना एका ओळखीच्या कारागिराला सांगितले. वर 'कोणाला सांगू नकोस' असेही म्हणालो, म्हणजे ते गावभर होण्याची पक्की सोय केली.

गुरुवारी मुंबईहून, आम्हाला डायचे काम देणाऱ्या शेटजींचा फोन आला : कारखाना बंद होत असेल तर आमचे नमुने परत पाठवा. हंगामातले तेच एक मोठे काम होते. ते गेले असते, तर आम्हा अकरा जणांच्या चुली थंडावल्या असत्या. पत्रा दाबायचा प्रेस चालवणारे रामआसरे तर सरळ विचारते झाले, "अण्णा, सुना है ताला लगने वाला है?"

अण्णांनी प्रेस थांबवला आणि सगळ्यांना जवळ बसवले. "काय काय ऐकलंत, ते सगळं बोला. मी रागवनार नाय."

कोणी म्हणाले, शेड विकली. "खोटं." कोणी म्हणाले, तुम्ही मुलाकडे पुण्याला चाललात. "खोटं. त्याच्याकडं मला दोन दिवस करमत नाय." कोणी म्हणाले, काम संपले. "कमी झालंय, ते खरं हाय. कधी वाढेल, मला ठाऊक नाय."

मग छिन्न्यांचा विषय निघाला. मी उभा राहिलो. "अण्णा, ते मीच पसरवलं."

त्यांनी मला खाली बसायला खुणावले. मग म्हणाले, "डोळ्यांत मोतीबिंदू हाय. हात घसरायला लागला. घरी खिडकीत बसून बघत होतो, किती जमतंय ते. मी लपवलं म्हनून तुला अंदाज करावा लागला. पन तू मला विचारायचंस रे."

शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या शेवटच्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

लगेच त्यांनी आमच्यासमोरच शेटजींना फोन लावला. डोळ्यांचे सांगितले, चार दिवसांच्या कामाचेही सांगितले. "बारीक काम हा करील," म्हणून फोन चक्क माझ्या हातात दिला! ज्याने बोंब मारली, त्याच्याच हाती त्यांनी कारखान्याची अब्रू सोपवली. शेटजींनी आधी एकच डाय मागवली. आठ दिवस मी तिच्यावर वाकून होतो. ती पसंत पडली आणि काम आमच्याकडेच राहिले. अण्णांचे डोळेही शस्त्रक्रियेनंतर उत्तम झाले. मंदी अजून पुरती सरलेली नाही, पण आता सोमवारी काम सुरू होण्याआधी अण्णा आम्हाला विचारतात, "काय ऐकलंत?" आणि मग चहा येतो.

या गौरवग्रंथाची तयारी सुरू होताच चिंचणीपर्यंत बोलवा झाली की, पंचाहत्तरी झाल्यावर अण्णा घरी बसणार. या वेळी मी सरळ त्यांनाच विचारले. मान वर न करता ते म्हणाले, "लेखात लिही, सोमवारी मी कामावर हाय."

अण्णांना निरामय शतायुष्य लाभो, ही आम्हा साऱ्यांची मनापासून प्रार्थना. आणि मंडळी, ते सोमवारी कामावर आहेत, ही बातमी मात्र खुशाल पसरवा. मी विचारून घेतली आहे.