थर्मामीटरची दोन मिनिटं

इंदूर मध्यभारत राज्यात होतं, त्या दिवसांतली गोष्ट. मी इंदुरात सरकारी कचेरीत कारकून होतो आणि टायफॉइडने मिशनच्या दवाखान्यात पडलो होतो. तीस खाटांच्या वॉर्डात दिवसा एकच सिस्टर. सारखी धावत असायची. पण पेशंटच्या तोंडात थर्मामीटर ठेवला, की खाटेच्या गजावर हात टेकून डोळे मिटायची. मला वाटलं, डुलकी काढते. माझा ताप मोजून झाल्यावर एकदा चिडून म्हणालोच, "सिस्टर, झोप घरी जाऊन काढा."

ती रागावली नाही. थर्मामीटर झटकत म्हणाली, "भाऊ, वेगळी प्रार्थना करायला फुर्सत कुठे मिळते? ही दोन मिनिटं तुम्हाला बोलता येत नाही ना, तेवढ्यात तुमच्यासाठी मी प्रभूशी बोलून घेते."

शेजारच्या खाटेवर सियागंज बाजारातला एक म्हातारा हमाल होता. एका पहाटे तो गेला. सकाळी ती नेहमीसारखी फेरीला आली. माझा ताप पाहिला, मग त्या रिकाम्या खाटेपाशी थांबली. गजावर हात टेकला, डोळे मिटले. पूर्ण दोन मिनिटं.

माझ्या तोंडातला थर्मामीटर तिने केव्हाच काढला होता. तरी मला बोलता येईना.