अण्णा आणि तर्कदोष

लग्न होऊन बंगळूरला आले तेव्हा माझं बी.ए. अर्धवट राहिलं होतं. "बाहेरून परीक्षा दे, पण पुरं कर," असं सासऱ्यांनीच सांगितलं. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. जयनगरात त्यांचं भांड्यांचं आणि मिक्सर-कुकरचं दुकान होतं. घराणं पिढ्यान्पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत 'जरा थांब'ऐवजी 'स्वल्प थांब', 'बरं, बरं'ऐवजी 'सरी, सरी' असं कन्नड सहज मिसळलेलं असे.

माझ्या विषयांत तर्कशास्त्र होतं आणि त्यातला तर्कदोषांचा धडा काही केल्या डोक्यात शिरत नव्हता. मी आत नावं घोकत बसायची. बाहेर व्हरांड्यात अण्णा आणि शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर कॉफी पीत वाद घालायचे. परदेशी कंपन्यांना नुकतीच दारं उघडली होती. अण्णा त्या धोरणाच्या बाजूचे, मॅनेजर कट्टर विरोधातले.

"आज परदेशी साबण आला स्वामी, उद्या परदेशी सरकार येईल!"

"ज्याला हे नको, त्याला देश पुढे जायलाच नको," अण्णा ठणकावत.

"तुम्ही दुकानदार. तुम्ही असंच बोलणार!" मॅनेजर म्हणत.

एका संध्याकाळी हे ऐकता ऐकता मी पुस्तक मिटलं. माझा अख्खा धडा बाहेर कॉफी पीत बसला होता.

जेवताना मी अण्णांना सांगितलं, "मुद्दा सोडून माणसावर घसरणं हा तर्कदोष आहे. एका पायरीवरून थेट तळाला पोचणं, हाही."

अण्णा खुलले. "म्हणजे मॅनेजर पुरता नापास!"

"आणि दोनच बाजू आहेत असं भासवणं, हासुद्धा," मी हळूच म्हटलं. ते त्यांनी ताकभाताबरोबर गिळून टाकलं.

मग त्यांना नादच लागला. दुकानातून आले की माझ्याकडून एखादा नवा दोष समजून घ्यायचे आणि व्हरांड्यात जाऊन बसायचे. मॅनेजर काही बोलले की यांचं बोट वर. मॅनेजर हसून सोडून देत.

एकदा मात्र मॅनेजर हसले नाहीत. निवडणुकीचा विषय निघाल्यावर म्हणाले, "यशवंतपूरचं ते युनिट बंद पडलं. स्विच बनवायचे. मुलगा तिथेच होता माझा. बाहेरचा स्वस्त माल आला आणि... असंच सगळ्यांचं होणार बघा."

"एकावरून सगळ्यांचं! घाईचा निष्कर्ष!" अण्णांचं बोट वर गेलंच.

मॅनेजरांनी कप खाली ठेवला. "सरी," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

पुढचे काही दिवस ते फिरकले नाहीत. "हरले की रुसतात," अण्णा म्हणाले.

मला राहवेना. "अण्णा, त्यांच्या मुलाची नोकरी गेलीय. ते तेच सांगत होते."

"पण तर्क चुकलाच होता ना?"

"एकावरून सगळ्यांचं ठरत नाही, खरंय. पण त्या एकाचं तर खरं होतं ना?"

अण्णा उठले. चपला घातल्या आणि मला म्हणाले, "चल."

मॅनेजरांच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला मध्येच तोडलं. पुढचं सांगा."

मॅनेजर आधी अवघडून बसले, मग बोलू लागले. मुलगा अजूनही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडतो, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. बागेत बसून राहतो आणि संध्याकाळी परततो. अण्णांनी मधेमधे फक्त विचारलं, कामगार किती होते, मशीनचं काय झालं. बोट मांडीवरच होतं.

परतताना म्हणाले, "धोरण बरोबरच आहे, असं मला अजून वाटतं. पण आता तेवढं सोपं वाटत नाही."

माझ्या पेपरात तर्कदोषांवर प्रश्न आला आणि उत्तरासाठी मला घोकलेलं काहीच आठवावं लागलं नाही. व्हरांड्यातले वादही पुन्हा सुरू झाले, मतं दोघांची तशीच.

वर्षभराने मॅनेजरांच्या मुलाला शहराबाहेर बोम्मसंद्राला नोकरी लागली, तीही परदेशी भागीदारीतल्या कारखान्यात. मॅनेजरांनी हे खाली बघतच सांगितलं. अण्णांना जिंकायची आयती संधी होती. मी दारातून त्यांच्याकडे पाहत राहिले.

"लांब आहे हो," अण्णा म्हणाले. "बस कुठून मिळते त्याला?"